पाण्याला वाट ठेव, मग वंय घाल

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी घर बांधलं, मागे छोटं परसू आहे, त्यात भेंडी, तांबडी भाजी, वाल, मिरच्या लावते. मागची बाजू पन्नास फूट, तिकडे खाली व्हाळ, म्हणजे ओहोळ, आणि गावची मोकाट गुरं. उजवी बाजू चाळीस फूट, तिकडे शेजारच्या काकींचं भाट, म्हणजे माडांची बाग, ते आमच्यापेक्षा उंचावर. डावीकडे चिऱ्याची जुनी भिंत आहेच. गेल्या मे महिन्यात बांबूचे तट्टे उभे करून कुंपण केलं, ते जुलैत एका रात्रीत आडवं झालं. आता कंत्राटदार म्हणतो पाच फूट चिऱ्याची भिंतच घाला, त्याचा आकडा ऐकून आम्ही गप्प बसलो. मला वाटतं शनिवार-रविवार धरून आम्हीच नीट करू, नवरा म्हणतो आपल्याला जमणार नाही, परत पडेल. सासूबाई म्हणतात पूर्वीसारखी शेराची वंय घाला, म्हणजे त्या चिकाच्या झाडाचं जिवंत कुंपण. मुलगी चार वर्षांची आहे. आणि काकी आमच्या विहिरीवर पाण्याला येतात, कुंपणाचा विषय निघाल्यापासून त्या जरा गप्प गप्प आहेत. जाळी, बांबू की झाडं? माकडांचं काय करू? पावसाआधी होईल का?
– डिचोलीची एक वाचक

उत्तर:

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. जमेल तुम्हाला. नव्वद फुटांचं काम आहे, आत्ता फेब्रुवारी संपतोय, पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो, म्हणजे हातात तीन महिने आहेत आणि दोघांनी मनावर घेतलं तर सहा-सात शनिवार-रविवार पुरे होतात. मी गेली तीस वर्षं फोंड्याकडे आमचं परसू सांभाळतोय आणि त्यात कुंपणावर जेवढा घाम गाळला तेवढा भाजीवर नसेल गाळला, म्हणून जे लिहितोय ते हातानं केलेलं आहे.

पण आधी गेल्या वर्षीचं कुंपण का पडलं ते बघूया, कारण ते कळलं नाही तर यंदा लोखंडाचं केलंत तरी पडेल. तुझ्या पत्रातच उत्तर आहे. काकींचं भाट उंचावर, तुमच्या मागे व्हाळ, म्हणजे पावसाचं सगळं पाणी काकींकडून तुमच्या परसातून व्हाळाला जातं. तुम्ही तट्टे जमिनीला टेकवून उभे केले असणार, सगळेच करतात, खालून कोंबडी-कुत्रा येऊ नये म्हणून. मग काय होतं, पाणी येताना पाला घेऊन येतं, पाला तट्ट्याला चिकटतो, दोन दिवसांत त्या तट्ट्याचा बांध होतो, मागे पाणी तुंबतं, खांबाची माती भिजून शेणासारखी मऊ होते आणि वरून वारा ढकलतो. बंद तट्टा म्हणजे शीडच. तौक्ते वादळ आलं होतं ना २०२१ च्या मे महिन्यात, तेव्हा आमच्या वाड्यावर ज्यांनी पत्रे नि तट्टे लावून गच्च बंद कुंपणं केली होती ती झोपली आणि शेजारचं जुनं फटीफटींचं कुंपण उभंच होतं, वारा आरपार गेला.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. आपल्याकडे कुंपण गुरांपेक्षा जास्त पाण्याशी झुंजतं. म्हणून मी तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कुंपणानं गुरं अडवायची, पाणी अडवायचं नाही. ही एक गोष्ट धरून ठेवलीस की जाळी की बांबू, खांब कसला, खाली फट किती, या सगळ्याचं उत्तर आपोआप मिळत जातं.

कंत्राटदाराच्या भिंतीचंही तेच. चिऱ्याची भिंत वाईट नाही, पण ती पाण्याच्या वाटेत आडवी घातली आणि खाली पाईप सोडले नाहीत तर मागे पाणी नि चिखल साठून भिंत पोटातून फुगते आणि एक दिवस कोसळते, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे अशी भिंत पडल्याची बातमी असतेच. शिवाय चिऱ्याची भिंत हे घरी करायचं काम नव्हे, एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, पाया लागतो, गवंडी लागतो, पंचायतीची परवानगी लागते, उंचीवर मर्यादा असते. तुम्हाला त्याची गरजच नाही. भेंडी वाचवायची आहे, किल्ला बांधायचा नाहीये.

आता काकी. पहारीला हात लावायच्या आधी काकींकडे जा. नवऱ्याला घेऊन जा, आणि कुंपण घालणार आहोत असं सांगायला नको जाऊस, कुठून घालूया ते विचारायला जा. तू लिहिलंयस की त्या गप्प आहेत, मला वाटतं त्यांना भीती ही की विहिरीची वाट बंद होणार, आणि दुसरी भीती ही की कुंपणानं पाणी अडलं तर ते त्यांच्या भाटात तुंबणार. दोन्ही भीती खऱ्या आहेत गं. गेल्या वर्षी तुमच्या तट्ट्यामागे पाणी तुंबलं तेव्हा त्यांच्या माडांच्या आळ्यातही तुंबलं असेल, त्या बोलल्या नसतील एवढंच. म्हणून उजव्या बाजूला, घराच्या अंगाला, चार फुटांचं एक गेट काकींसाठी ठेवायचं आणि ते त्यांना आधीच सांगायचं. त्यांना विचार की पाऊस जोरात असतो तेव्हा पाणी नेमकं कुठून येतं, त्या तिथे तुमच्याही आधीपासून राहतात, त्या बोट दाखवतील ती जागा तुझ्या नकाशावर मांड.

हद्द दोघांनी मिळून बघा. घरचा फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, नि सर्व्हे प्लॅन काढ, हद्दीचे दगड शोध, सापडले नाहीत आणि थोडी जरी शंका असली तर सर्व्हे खात्याकडून मोजणी करून घे, ती फी कुंपण उपटण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. जागा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) किंवा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) असेल तर हे आधी निस्तरल्याशिवाय एक खड्डाही मारू नकोस. आणि कुंपण हद्दीवर नाही, हद्दीपासून सहा इंच आपल्या आत घाल, म्हणजे उद्या वेल तिकडे गेला किंवा खांब कलला तरी भांडणाला कारण नाही. तारेच्या कुंपणाला काय लागतं ते पंचायतीच्या सचिवांना एकदा विचारून घे, शक्यतो लेखी.

जाळी, बांबू की झाडं, असं विचारलंस. तिन्ही, पण जागा बघून. मागच्या पन्नास फुटाला जाळी, कारण तिकडून गुरं अंग घासत येणार, बांबू त्यांच्यापुढे टिकत नाही, आणि जाळीतून पाणी-वारा दोन्ही जातात. काकींच्या चाळीस फुटाला कामट्या किंवा पोफळीच्या फाळ्या, मध्ये फट ठेवून, शेजाऱ्याच्या तोंडावर लोखंडी जाळी बरी दिसत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि तिकडून गुरं येत नाहीत. आणि दोन्हीच्या आतून झाडांची वंय, ती जूनमध्ये. खांब मात्र सगळीकडे एकच, सिमेंटचे.

लाकडाचे खांब का नकोत ते सांगतो. मी पहिल्यांदा कुंपण केलं तेव्हा किंदळीचे चांगले मांडीएवढे खांब आणले आणि एका माणसाच्या सांगण्यावरून ते सगळे सिमेंट काँक्रीटमध्ये पक्के बसवले. चौथ्या पावसात एक खांब हातानं हलवला तर जमिनीच्या बरोबर रेषेवर मोडून हातात आला. वरचा भाग ठणठणीत, खाली पुरलेला भागही बऱ्यापैकी, मधले चार बोटं पावडर. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल नि हवा दोन्ही लागतात, खोल जमिनीत हवा कमी, वर ओल टिकत नाही, आणि जमिनीच्या रेषेवर दोन्ही भरपूर. त्यात काँक्रीटचा पेला केला की पाणी खांबाभोवती साठूनच राहतं. म्हणजे पाण्याला बाहेर जायची वाट नव्हती, इथेही तेच. म्हणून जमिनीत जाणारी वस्तू न कुजणारी घ्यायची आणि कुजणारी वस्तू जमिनीच्या वर ठेवायची, दर चार-पाच वर्षांनी कामट्या बदलणं सोपं आहे, खांब बदलणं म्हणजे नवीन कुंपण.

हिशोब असा. सात फुटी पोल, चार बाय चार इंची, तारेसाठी भोकं असलेले. अडीच फूट जमिनीत, साडेचार फूट वर, गुरांना एवढी उंची पुरते. दोन पोलांमध्ये आठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. मागच्या पन्नास फुटाचे सात गाळे होतात, एकेक सात फूट आणि वर दीड-दोन इंचाचा, म्हणजे आठ पोल. उजवीकडे चार फूट गेटचे गेले, उरले छत्तीस, त्याचे पाच गाळे, कोपऱ्याचा पोल दोन्हीकडे एकच, म्हणजे आणखी सहा. चौदा झाले, एक जादा आण, वाहतुकीत एखादा तडकतो. एकेक पोल पन्नास किलोच्या वर जातो, एकट्यानं उचलायचा नाही, कमर धरली तर पूर्ण परसू बसून राहील.

दोरी लावताना घाई करू नको. आधी चार टोकांना खुंट्या, मग दोरी ताणून, कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोज, त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा खरा. मग दोरीवर खांबांच्या जागा चुन्यानं खुणव. या वेळीच नळाचा पाईप, सेप्टिक टँकची लाईन, विहिरीच्या पंपाची केबल कुठून जाते ते आठव, आठवत नसेल तर घर बांधणाऱ्याला फोन कर, पहार केबलवर गेली तर जीवावर बेततं.

खड्डे मारणं हे खरं काम, आणि तुमचा नवरा जमणार नाही म्हणतो ते बहुतेक यालाच घाबरून. आपली जमीन लाल, वरून भुसभुशीत वाटते आणि फूटभर खाली गेलं की पहार टण् करून परत येते. युक्ती अशी की शुक्रवारी संध्याकाळी अर्ध्या फुटाचे खड्डे करून त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळपर्यंत मुरूम बराच सैल होतो. एका दिवशी चारपेक्षा जास्त खड्डे धरू नका. मध्ये अख्खा कातळ लागला तर अडीच फुटाचा हट्ट नको, कातळात दीड फूट गेलेला पोल मातीतल्या अडीच फुटापेक्षा घट्ट बसतो, तो पोल वर थोडा उंच दिसेल, दिसू दे, तार सरळ गेली की झालं.

सगळे खड्डे काँक्रीटनं भरायचे नाहीत. ज्या पोलांवर ओढ येते तेवढेच चार, एक जुन्या भिंतीकडचं टोक, एक कोपरा, आणि गेटचे दोन. त्यांचे खड्डे एक फूट बाय एक फूट, खाली चार बोटं खडी टाकून. काँक्रीट एक भाग सिमेंट, दोन रेती, चार खडी, पाणी बेताचं, पातळ केलंस तर मजबुती गेली. चार खड्ड्यांना साधारण नऊ घनफूट माल लागतो, दोन पोती सिमेंट आण, थोडं उरेल. हातात रबरी मोजे घालूनच, ओलं सिमेंट कातडी खातं आणि ते संध्याकाळी कळतं. पोल ओळंब्यात धरून दोन बाजूंनी बांबूचे टेकू द्या, आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर घेऊन चारी बाजूंनी उतार द्या म्हणजे पाणी पोलापाशी थांबणार नाही. सात दिवस रोज पाणी मारायचं, तारेला हात लावायचा नाही. हे सात दिवस लोक पाळत नाहीत आणि मग कोपरा आत झुकला म्हणून तक्रार करतात.

बाकी दहा पोल नुसते ठोकून बसवायचे. खड्ड्यात पोल उभा करून भोवती चिऱ्याच्या कपच्या नि मुरूम, सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थर पहारीच्या जाड टोकानं किंवा धुम्मसानं चोपून चोपून, मगच पुढचा थर. एकदम सगळी माती ढकलून वरून पाय मारले तर तो पोल जुलैत हलणारच.

कोपऱ्याला टेकू लागतो हे कित्येक जण विसरतात. तार ताणली की ती कोपऱ्याच्या पोलाला दोन्ही बाजूंनी आत ओढते, म्हणून त्याला आतल्या अंगानं दोन तिरपे पोल किंवा अँगल, दोन्ही कुंपणांच्या ओळीत, खाली मोठ्या दगडाला टेकवून. टोकाच्या नि गेटच्या पोलाला एकेक. नवीन कुंपण सैल पडलेलं दिसलं की मी आधी कोपरा बघतो, दहातल्या नऊ वेळा तिथेच असतं.

मग तीन तारा, वर, मध्ये आणि खाली, टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, लावून ताणायच्या. जाळी चेनलिंकची, एकमेकींत गुंतलेल्या तारांची, चार फुटी घे. दुकानात विचारताना एक लक्षात ठेव, गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणजे दहा गेज जाड आणि बारा गेज तिच्यापेक्षा पातळ, पुष्कळ जण उलटं समजून पातळ जाळी घेऊन येतात. मी स्वतः एका दुकानातून स्वस्त पडली म्हणून पातळ जाळी आणली होती, एका म्हशीनं पाठ घासली नि तिची झोळी झाली. डिचोली समुद्रापासून आत आहे म्हणून साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी चालेल, किनाऱ्याजवळ मोरजी-हरमल किंवा कोलव्याकडे राहणाऱ्यांनी मात्र पीव्हीसी कोटिंगचीच घ्यावी, खाऱ्या वाऱ्यात साधी जाळी बघता बघता गंजते.

जाळी लावताना रोल उभा करून सोडवत न्या, शेवटच्या कड्यांतून एक सळी उभी घाला आणि त्या सळीला धरून ओढा, नुसती हातानं कडी ओढली की जाळी वाकडी होते. जास्त झालेली जाळी कापायची गरज नसते. जिथे तोडायची तिथल्या एका तारेची वरची नि खालची घडी पक्कडनं उघडायची आणि ती तार गोल गोल फिरवत वर काढायची, जाळीचे आपोआप दोन भाग होतात आणि तीच तार परत फिरवून दोन तुकडे जोडताही येतात. तुमच्या मुलीला हे बघायला खूप आवडेल, पण तारेच्या टोकांपासून लांब बसव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जाळी नि कामट्या जमिनीच्या तीन इंच वर. पूर्ण नव्वद फूट. जिथे काकींनी बोट दाखवलं त्या एक-दोन जागी पाणी जोरात येणार, तिथे कामट्यांऐवजी फूट-दीड फूट उंचीचा मोकळा भाग ठेवून त्यात उभ्या सळ्या चार-चार इंचांवर, काढता-घालता येतील अशा, खाली दगड बसवून घे म्हणजे पाणी माती उकरणार नाही. मागे व्हाळाच्या बाजूलाही पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अशीच जागा. पाला अडकला की सळ्या उचलायच्या, हातानं साफ करायचं, परत घालायच्या.

कामट्यांसाठी माणग्याचा बांबू मिळाला तर बघ, भरीव असतो. पण गेल्या वर्षी तुम्ही मे मध्ये तोडलेला ताजा बांबू लावला असेल तर त्याला भुंगा लागला असणार, पीठ पडलेलं आठवतंय का खाली? बांबूत पिष्ट असतं, भुंगा त्यासाठी येतो. पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला, तीन-चार वर्षांचा जून बांबू घ्यायचा, पंधरा-वीस दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, पिष्ट निघून जातं, मग सावलीत सुकवायचा. तुझ्याकडे व्हाळ आहे, त्यात अजून पाणी असेल तर आत्ताच टाक, खांबांचं काम होईपर्यंत बांबू तयार होतील. पोफळीच्या फाळ्या मिळाल्या तर त्याहून छान, सत्तरी-फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, पडलेली झाडं असतातच, विचारून बघ, बाहेरचा कठीण भाग घ्यायचा, आतला भुसा तासून टाकायचा. वरून काजूच्या टरफलाचं तेल लावलं की वर्षानुवर्षं किडा शिवत नाही, पूर्वी होड्यांना हेच लावायचे, काजूच्या फॅक्टरीत विचार. पण ते कच्चं तेल कातडीला भाजतं, मोजे घालूनच लाव, मुलीला त्या दिवशी आजीकडे आत बसव. कामट्या तीन बोटांच्या फटीनं, तिन्ही तारांना जीआयच्या बारीक तारेनं बांधायच्या, सुंभानं बांधलेलं दिसतं सुंदर पण एका पावसात सुटतं.

गेट लाकडाचं हलकं कर. त्याची तिरपी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे, उलटी लावलीस तर सहा महिन्यांत गेट नाक घासायला लागेल. कडी दोन्ही बाजूंनी उघडणारी लाव, काकींना बाहेर उभं राहून हाक मारायला लागू नये.

सासूबाईंचं शेर. त्यांचं खरं आहे, शेराची वंय गुरं खात नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकते. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, आणि चार वर्षांचं मूल कांडी मोडून बघणारच. मोगली एरंडही नको, त्याच्या बिया विषारी नि पोरं त्या तोंडात घालतात. सासूबाईंना हे प्रेमानं सांग आणि त्यांना त्याऐवजी गिरिपुष्पाचं काम दे, हे मी मुद्दाम सांगतोय, जुन्या माणसाच्या हाताला झाड लागतं. मनगटाएवढ्या जाड, चार-पाच फुटांच्या फांद्या मेच्या शेवटी तोडायच्या, खालचं टोक तिरकं, आणि पहिला दमदार पाऊस झाला की दीड-दीड फुटावर फूटभर खोल रोवायच्या. सगळ्या धरत नाहीत, चार जादा ठेवायच्या. गिरिपुष्पाची मुळं हवेतला नत्र जमिनीत धरतात, पाला कापून भेंडीच्या आळ्यात घातला की खत, दर वर्षी छाटली की दाट होते. फक्त त्याच्याही बिया नि साल खायची नसते, त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही, पण फांद्या छाटत राहिलीस तर शेंगा धरतच नाहीत. मध्ये मध्ये जास्वंद, आणि खाली त्या तीन इंचांच्या फटीसमोर अननसाची रांग, पाण्याला वाट देतो नि कोंबडी-कुत्र्याला काट्यानं अडवतो, दीड-दोन वर्षांनी फळ वर. पाण्याच्या मोकळ्या जागांसमोर मात्र काहीच लावू नकोस.

माकडांबद्दल तुला खोटी आशा दाखवणार नाही. साडेचार फुटांचं कुंपण माकडाला बसायची फांदी आहे. त्यांच्यासाठी भेंडी नि वालाच्या वाफ्यांवर जाळी पांघरायची, आणि कुंपणाच्या कडेला हळद, आलं, सुरण, मिरची लावायची, याला ती फार हात लावत नाहीत. कोणी सांगेल तारेत घरचा करंट सोडा, ते कधीही, कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. त्यानं माणसं मेलीत, गुरं मेलीत, गुन्हा आहे, आणि तुमच्याकडे तर रोज विहिरीवर येणाऱ्या काकी आहेत. सोलर कुंपण वेगळं असतं, त्यात मशीन सेकंदाला एखादा क्षणभराचा झटका सोडतं, ते रानडुक्कर नि गव्यांच्या त्रासाच्या शेतांसाठी, परसासाठी नाही. तुझ्याकडे कृषी कार्ड असेल तर कुंपणासाठी कृषी खात्याची मदत असते, काम सुरू करायच्या आधी विभागीय कृषी कार्यालयात चौकशी कर, आधी केलेल्या कामाला पैसे मागायला जाऊ नको.

क्रम असा धर, पहिला शनिवार काकी नि दोरी, त्याच रविवारी बांबू पाण्यात आणि कोपऱ्याचे खड्डे. दुसऱ्या आठवड्यात चार पोल काँक्रीटमध्ये. तिसऱ्या-चौथ्यात बाकीचे. पाचव्यात टेकू, तारा नि जाळी, सहाव्यात कामट्या, सातव्यात गेट. एप्रिलच्या उन्हात सकाळी सहा ते दहा एवढंच काम करा, नंतर नाही.

आणि पहिला मोठा पाऊस पडेल ना, तेव्हा छत्री घेऊन परसात जाऊन उभी राहा, काकींनाही बोलाव. पाणी कुठून येतंय, कुठे पाला अडतोय, कुठल्या पोलाच्या बुडाशी डबकं होतंय ते दोघी मिळून बघा आणि तिथे कोयत्यानं खूण करून ठेव, दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली की तिथली सळी सरकव किंवा चर खण. दोन-तीन जागा निघतील, माझ्याकडे दर नव्या कुंपणाला निघतात.